लीपनंतरचा चेहरा

ऐतिहासिक मालिकेत ‘लीप’, म्हणजे कथेने एकदम काही वर्षं पुढे मारलेली उडी, येतो तो बहुधा घोड्यावरून. बारा-तेरा वर्षांचा पोरगा घोडा फेकतो, धुरळा उठतो आणि त्यातून बाहेर पडतो तो मिशांना पीळ दिलेला गडी. आमच्याकडे आई हमखास म्हणते, “अगंबाई, एवढ्यात इतका वाढला?”

हे तिला खटकतं, पण दुसरी गफलत आपल्या कुणाच्याच नजरेत येत नाही. २००८मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’त अमोल कोल्हे शिवाजी महाराज झाले तेव्हा ते २८ वर्षांचे होते, महाराजांना राज्याभिषेक झाला ४४व्या वर्षी. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०२०मध्ये संपली तेव्हा कोल्हे ३९ वर्षांचे, आणि शंभूराजे गेले ते अवघ्या ३१व्या वर्षी. बाप साकारताना नट लहान, मुलगा साकारताना थोरला! तरी आपलं काही अडलं नाही.

मुलाचा बाप्या होतो तो हाडांमुळे. लहानपणी कपाळ मोठं, जबडा छोटा, त्यामुळे डोळे चेहऱ्याच्या मध्याच्याही खाली दिसतात. वयात येताना जबडा आणि नाक वाढतात. ही मापं रंगभूषेने बदलत नाहीत, म्हणून बालकलाकार वेगळा लागतोच. विशीनंतर आपण वय ताडतो ते मुख्यतः त्वचेवरून, केसांवरून. भुवया, डोळे, ओठ भोवतालच्या त्वचेतून जितके उठून दिसतात, तितका चेहरा तरुण वाटतो. वयाबरोबर हा उठाव कमी होतो. काजळाची करामत तीच. त्यात दाढी चिकटवली की जबड्याची कड आणि तोंडाजवळच्या घड्या दोन्ही झाकल्या जातात. मग २८ काय नि ३९ काय!

मला खटकते ती त्वचा. उन्हातले अतिनील किरण कातडीतलं कोलाजेन, म्हणजे ती घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतात आणि सुरकुत्या लवकर पडतात. देवीचे व्रण तेव्हा घरोघरी. दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, गालफडं बसतात. मालिकेतले मावळे मात्र नुकतं फेशियल करून आल्यासारखे.

म्हणून ‘तेव्हा माणसं तिशीतच म्हातारी व्हायची’ असं नव्हे. सरासरी आयुर्मान खाली ओढलं होतं ते मुख्यतः बालमृत्यूंनी. औरंगजेब साठी उलटल्यावर दख्खनेत उतरला आणि ८८ वर्षं जगला. उलट कोवळी पोरं आजच्यापेक्षा लहान दिसत असणार, कारण अन्न कमी पडलं, आजारपणं फार झाली की वयात येणं लांबतं. युरोपात १९व्या शतकात कित्येक मुलींना पाळी सोळा-सतराव्या वर्षी यायची.

पेशव्यांच्या घरी दूधतुपाची ददात नव्हती हे खरं. तरी पानिपतावर पडले तेव्हा विश्वासराव १८ वर्षांचे होते, जेमतेम मिसरूड फुटण्याचं वय. त्यांच्या जागी पंचविशी ओलांडलेला, रुंद जबड्याचा नट उभा केला, की रणात केवढासा मुलगा गेला हे बघणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.