आरोग्य पत्रकारितेची फेलोशिप: अर्ज नेमका कुठे अडतो?

सार्वजनिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांना प्रशिक्षण आणि फेलोशिप, म्हणजे ठरावीक विषयावर लेख करण्यासाठी पाठबळ, देणाऱ्या संस्था आहेत. चेन्नईच्या 'रीच' या संस्थेने २०१० पासून क्षयरोगाच्या वार्तांकनासाठी फेलोशिप दिली आहे आणि त्यात भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना जागा ठेवली आहे. मानसिक आरोग्यासाठी अमेरिकेतल्या कार्टर सेंटरची रोझलिन कार्टर फेलोशिप १९९६ पासून चालू आहे. तरीही चांगलं काम करणाऱ्या तालुका वार्ताहरांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतात, आणि बहुतेक वेळा ते कागदांवरच अडलेले असतात.

पात्रता साधी असते: पत्रकारितेचा थोडा अनुभव आणि छापून आलेलं काम. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका (सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र) नाही म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. जाहिरातीत ती मागितली नसेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. बायोडेटा, ओळखपत्र, बँकेचा तपशील हे सगळं एका बैठकीत होतं.

खरी अडचण संपादकांच्या पत्राची. स्ट्रिंगरला, म्हणजे पगारी नोकरीत नसलेल्या वार्ताहराला, नेमणूकपत्र मिळत नाही, पगारपत्रक तर नाहीच. बातमीमागे मानधन, तेही कधी येईल तेव्हा. अशा माणसाकडे 'नोकरीचा दाखला' मागणाऱ्या संस्थांनी जिल्ह्यातली पत्रकारिता कशी चालते हे एकदा बघायला हवं. तोवर मार्ग एवढाच: निवासी संपादक किंवा आवृत्तीप्रमुखांकडून लेटरहेडवर दोनच गोष्टी लिहून घ्या. 'हे आमच्यासाठी अमुक सालापासून बातम्या देतात' आणि 'फेलोशिपमधील लेख आम्ही प्रसिद्ध करू.' दुसरं वाक्य नसलेली पत्रं परत येतात. नुसतं 'होतकरू व मेहनती' असं प्रशस्तिपत्र कामाचं नाही. काही ठिकाणी शिफारस करणाऱ्याला थेट मेल जातो. तो स्पॅममध्ये पडतो, म्हणून संपादकांना आधी फोन करून ठेवा.

दुसरा अडसर कात्रणांचा. बातमी तुमची असते, पण वर छापलेलं असतं 'प्रतिनिधी'. मग ती तुमचीच कशी मानायची? त्याच पत्रात संपादकांकडून अशा बातम्यांची शीर्षकं आणि तारखा नमूद करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला कापलेला फोटो पाठवू नका. दैनिकाचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान हवं. जुनी ई-पेपरची लिंक उघडत नाही, तेव्हा बातमी छापून आली की त्याच दिवशी पीडीएफ साठवायची सवय लावा. भाषांतर मागितलं असेल तर एका परिच्छेदात गोषवारा दिला तर चालेल का, हे आधी विचारा.

प्रस्तावात मात्र जीव ओता. 'महाराष्ट्रातील क्षयरोगाची समस्या' हा विषय होत नाही. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे जातो आणि पाचसहा महिने तिथेच राहतो. साध्या क्षयरोगाचे उपचारही साधारण सहा महिन्यांचे. नोंद गावच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस फडात, मग गोळ्या कोण देतो? क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे (एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००) खात्यात पडतात का? हा विषय झाला. आकडे माहितीच्या अधिकारात मागवायचे तर लवकर मागवा: उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवावा लागतो. जिल्ह्याची तोंडओळख हवी असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हावार पत्रकं फुकट मिळतात.

एक कळकळीची विनंती. प्रस्ताव वजनदार व्हावा म्हणून रुग्णाचा फोटो किंवा केसपेपर जोडू नका. एचआयव्हीबाधिताची ओळख संमतीशिवाय उघड करण्याला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मानसोपचार घेणाऱ्याची माहिती माध्यमांना देण्यावर त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधन घातलं आहे. क्षयरोग झालेल्या मुलीचं तर नाव छापल्याने लग्न मोडू शकतं. संमती कशी घेणार, नाव कसं बदलणार, हे प्रस्तावात दोन ओळींत लिहा. परीक्षक ते शोधतातच.

आता मुदत. परदेशी अर्जात ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च? अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, म्हणजे ७ मार्च. 'संध्याकाळी ५, जीएमटी' म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. शिफारसपत्रालाही बहुधा तीच मुदत असते, त्यामुळे तुमचा अर्ज वेळेत आणि संपादकांचं पत्र दुसऱ्या दिवशी, असं झालं तरी अर्ज अपुराच धरतात. शेवटच्या दिवशी पोर्टल रखडतं, तालुक्याला वीज जाते. दोन दिवस हाताशी ठेवून पाठवा आणि पोचपावतीचा मेल येईपर्यंत अर्ज गेला असं समजू नका. नकार आला तर कारण विचारणारा छोटा मेल जरूर करा. काही संस्था नीट उत्तर देतात, आणि तोच प्रस्ताव दुरुस्त करून पुढच्या फेरीत पाठवता येतो.