प्रोस्टेट कर्करोग : उपचारांचा निर्णय

प्रोस्टेट ग्रंथीबाहेर न पसरलेल्या कर्करोगावर काय करायचे, हे रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून ठरवण्याची प्रक्रिया. मार्ग मुख्यतः तीन : शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे, रेडिएशन देणे, किंवा पीएसए (प्रोस्टेटमधील एका प्रथिनाची रक्तचाचणी), एमआरआय आणि गरजेनुसार बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणे) करत आजारावर नजर ठेवणे. बायोप्सीतला ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण), पीएसए आणि आजाराची अवस्था यांवरून धोका ठरतो. धोका कमी असला की तिन्ही वाटा खुल्या राहतात आणि निर्णय अवघड होतो.

ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुष या तीन गटांत विभागले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १५ वर्षांत या कर्करोगाने दगावलेले एकूण २.७ टक्के, गटागटांत ठोस फरक नव्हता. आजार इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र नजर ठेवलेल्या गटात ९.४ टक्के, तर इतर दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास होते. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी गळत असल्याने पॅड वापरावे लागत होते. सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना.

डॉक्टर बहुधा जगण्याची वर्षे मोजतात. रुग्णाला मात्र ‘कॅन्सर’ ऐकल्यावर तो अंगातून काढून टाकण्याची घाई होते. नुसती नजर ठेवणे म्हणजे उपचारच नाहीत, असे अनेकांना वाटते. सल्लाही सल्लागाराच्या शाखेप्रमाणे झुकतो : २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सर्वेक्षणात ९३ टक्के युरॉलॉजिस्टांनी (मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक) शस्त्रक्रियेला पसंती दिली, तर ७२ टक्के रेडिएशनतज्ज्ञांना दोन्ही उपचार तोडीस तोड वाटले. म्हणूनच ठरवण्याआधी दोन्ही शाखांच्या डॉक्टरांना भेटणे फार गरजेचे आहे. कमी धोक्याच्या आजारात तेवढा वेळ हाताशी असतो.

आपल्याकडे फाइल बहुतेकदा मुलाच्या हातात असते आणि ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ हे वाक्यही तोच बोलतो. लैंगिक क्षमतेवर होणारा परिणाम मुलासुनेसमोर विचारणे वडिलांना जमत नाही, आणि नेमकी हीच बाब त्यांच्या निर्णयात कळीची असू शकते. डॉक्टरांनी पाच मिनिटे रुग्णाशी, आणि त्याची तयारी असेल तर पत्नीसह, एकांतात बोलावे. आजार पसरलेला असल्यास प्रश्नच बदलतो : या कर्करोगाला वाढवणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन रोखण्यासाठी वर्षानुवर्षे इंजेक्शने घ्यायची, की एकदाच शस्त्रक्रिया करून ते बनवणारे वृषण काढायचे? अनेक घरांत इथे खर्चच निर्णय घेतो, आणि रुग्णाला काय वाटते ते कोणी विचारत नाही.