डोळ्यातले होकायंत्र आणि इलेक्ट्रॉनची फिरकी

फोंडा तालुक्यातील एका जत्रेत, खाज्यांच्या दुकानांना लागूनच, एक विक्रेता काळ्या दगडाची पदके ‘क्वांटम ऊर्जेची’ म्हणून विकत होता आणि गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांवर ती गुणकारी असल्याचे सांगत होता. माझ्या डोळ्यांदेखत एका आजींनी पदक विकत घेतले, याची खंत मला अजून आहे. पुंजभौतिकी, म्हणजेच क्वांटम भौतिकी, हे अतिसूक्ष्म कणांच्या वागणुकीचे शास्त्र आहे. गळ्यात बांधून अंगात उतरवण्याची ती शक्ती नव्हे. सजीवांत हे शास्त्र थेट कामाला येते असे मानायला भक्कम आधार आहे तो पक्ष्यांच्या स्थलांतरात.

करमळीच्या तळ्याकाठी हिवाळ्यात निळ्या गळ्याचा एक छोटा पक्षी दिसतो. पक्षीनिरीक्षक त्याला ब्लूथ्रोट म्हणतात. लव्हाळ्यातून तो चिखलात उतरतो, शेपटी झटकन उचलतो आणि पुन्हा आत शिरतो. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि प्रवास हिमालयापलीकडचा, तोही बहुधा रात्रीचा. त्याच्याच कुळातील युरोपीय रॉबिनवर जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे वोल्फगांग आणि रोस्विथा विल्चको यांनी केलेल्या प्रयोगांतून १९७२ साली एक विलक्षण गोष्ट पुढे आली. या पक्ष्याला उत्तर आणि दक्षिण ध्रुवांतला फरक कळत नाही. त्याला कळतो तो चुंबकीय बलरेषांचा जमिनीशी होणारा कोन. हा कोन फ्रँकफर्टला सुमारे ६६ अंश, तर चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या गोव्यात वीस अंशांच्या आसपास आहे. शिवाय या होकायंत्राला उजेड लागतो: निळ्या-हिरव्या प्रकाशात ते चालते, लाल प्रकाशात बिघडते. आपल्या शाळेतल्या चुंबकसूचीला उजेडाची गरज नसते, त्यामुळे हे यंत्र वेगळ्याच जातीचे असणार.

भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये त्याचे स्पष्टीकरण सुचवले, आणि २००० मध्ये थॉर्स्टन रिट्झ यांच्यासह त्याचा संबंध डोळ्याच्या दृष्टिपटलातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनाशी जोडला. या प्रथिनात फ्लेविन या प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाचा एक रेणू बसलेला असतो. निळा प्रकाश पडला की तो शेजारच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ती उणीव पुढचा ट्रिप्टोफॅन भरून काढतो, त्याची त्यापुढचा, आणि शेवटी एकमेकांपासून दूर असलेल्या दोन रेणूंवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. हीच मुक्तमूलकांची जोडी. प्रत्येक इलेक्ट्रॉनला फिरकी, म्हणजे स्पिन, असते आणि ती त्याला इवल्याशा चुंबकासारखी वागवते. जन्मताना दोन्ही फिरक्या परस्परविरोधी, म्हणजे ‘एकक’ अवस्थेत असतात. पण जवळच्या हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या अणुकेंद्रकांच्या चुंबकत्वामुळे जोडी ‘एकक’ आणि ‘त्रिक’ (फिरक्या समांतर) या अवस्थांमध्ये सेकंदाला लक्षावधी वेळा हेलकावत राहते. एकक अवस्थेतून इलेक्ट्रॉन घरी परतू शकतो, त्रिक अवस्थेतून थेट परतू शकत नाही. पृथ्वीचे क्षेत्र या हेलकाव्यांचे प्रमाण बदलते, आणि किती बदलते ते क्षेत्र आणि रेणू यांच्यातील कोनावर ठरते. म्हणूनच या प्रक्रियेतून पक्ष्याला दिशेचा सुगावा लागू शकतो.

येथे एक रास्त शंका उभी राहते. पृथ्वीच्या क्षेत्राची इलेक्ट्रॉनवरील ऊर्जा ही शरीराच्या उष्णतेमुळे रेणूंना बसणाऱ्या धक्क्यांच्या ऊर्जेपेक्षा दहा लाखांहून अधिक पटींनी लहान आहे. मग ती काय बदलणार? चोर्ला घाटावरून कणकुंबीकडे जाताना पाऊस पडत असेल, तर सह्याद्रीच्या कण्यावर पडणाऱ्या थेंबाकडे पाहावे. वाऱ्याची हलकी झुळूक त्या थेंबाला डोंगरावर चढवू शकत नाही, परंतु तो पश्चिमेला ओघळून म्हादईत उतरेल की पूर्वेला मलप्रभेतून कृष्णेला मिळेल, हे ती ठरवू शकते. पुढचे सारे अंतर उतारच पार करतो. मुक्तमूलकांच्या जोडीला कण्यावर चढवतो तो निळा प्रकाश. चुंबकीय क्षेत्र ही केवळ झुळूक. उष्णतेचे धक्के फिरक्यांना फार हळू गाठतात, म्हणून तेवढ्या एका मायक्रोसेकंदात निवाडा होऊन जातो.

२०२१ मध्ये ऑक्सफर्ड आणि जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथील संशोधकांनी रॉबिनचे क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत तयार करून ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते हे दाखवले. तो प्रयोग परीक्षानळीतला होता आणि क्षेत्रही पृथ्वीपेक्षा बरेच तीव्र होते, हे विसरता कामा नये. अशी सावधगिरी का हवी, तर २००७ मध्ये प्रकाशसंश्लेषणात दीर्घकाळ टिकणाऱ्या पुंजतरंगांचा मोठा गाजावाजा झाला होता, आणि पुढे तो दावा बराच आवरता घ्यावा लागला.

जिवंत पक्ष्यांबाबतचा पुरावा मात्र ओल्डेनबुर्गमधूनच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील लाकडी खोल्यांत रॉबिनना दिशा सापडत नव्हती. भिंतींना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून त्यांना अर्थिंग केले, तेव्हा ती सापडली. अर्थिंग काढताच पुन्हा हरवली. दोष निघाला विद्युत उपकरणांच्या रेडिओ गोंगाटाचा, साधारण ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातला. इलेक्ट्रॉनची फिरकी पृथ्वीच्या क्षेत्रात ज्या वेगाने घुमते तो, सुमारे १.४ मेगाहर्ट्‌झ, याच पट्ट्यात येतो. आपल्याकडे ज्यांच्यावर पहिला संशय घेतला जातो त्या मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी या पट्ट्याच्या कितीतरी वर आहेत.