हा प्रकल्प कुणाचा?

सांगलीच्या अगदी लगत, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोल पेवं खोदून त्यात हळद साठवत. तोंड लिंपून बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली. एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांनी या पेवांवर प्रकल्प केले. ते तपासताना मी जे शिकले, ते सगळ्या प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावंसं वाटतं.

पहिला प्रकल्प सफाईदार इंग्रजीत होता. काळं हार्ड बायंडिंग, वर सोनेरी अक्षरं, पेवाच्या खोलीचा अगदी नेमका आकडा. मागे संदर्भग्रंथांची यादी. त्यातली दोन पुस्तकं मी शोधायला गेले, तर ती कुठल्याच ग्रंथालयात नव्हती. ती कधी लिहिलीच गेली नव्हती. दुसरा प्रकल्प एका मुलीचा. छोटी छोटी वाक्यं, तेच तेच शब्द. मजकूर माणसानं लिहिला की चॅटजीपीटीसारख्या यंत्रानं, हे सांगणारं तपासणी सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो. त्यानं पहिला प्रकल्प माणसाचा ठरवला आणि दुसरा यंत्राचा.

खरं उलट होतं. पहिल्या मुलानं हरिपुरात पाऊलही टाकलं नव्हतं. मुलगी चार रविवार तिथे जाऊन आली होती.

असं का झालं, हे कळायला भाषायंत्र काम कसं करतं ते पाहावं लागतं. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, आणि तेव्हापासून अशी यंत्रं आपल्या वर्गात आहेत. अफाट मजकूर वाचून ती एकच गोष्ट शिकलेली असतात: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव जास्त. ‘कृष्णा नदी महाबळेश्वरला’ एवढं लिहिलं की ‘उगम पावते’ हे त्याला अचूक जमतं, कारण हे वाक्य हजारदा लिहिलं गेलंय. हरिपूरच्या पेवांवर फार थोडं लिहिलं गेलंय. तरी यंत्र अडखळत नाही. आकड्याच्या जागी आकडा येतो, पुस्तकाच्या नावाच्या जागी पुस्तकाच्या नावासारखं काहीतरी येतं. आपण सांगितलेलं खरं आहे का, हे ताडून बघण्याची सोय त्या मूळ क्रियेत नाही. नव्या यंत्रांना इंटरनेटवर शोधायची जोड दिली आहे, त्यानं चुका कमी होतात. पण जे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही ते शोधून तरी कुठून मिळणार? आपल्या जिल्ह्याची, आपल्या शेताभाताची माहिती बहुतांशी अशीच आहे, माणसांच्या तोंडी असलेली. म्हणून स्थानिक विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यानं या यंत्रापासून जास्त सावध राहायला हवं.

खोटे संदर्भ ही नुसती विद्यार्थ्यांची चूक नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून न्यायालयात सादर केले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला.

आता ते तपासणी सॉफ्टवेअर. माझा खरा राग तिथे आहे.

अशी बरीच सॉफ्टवेअर मजकुरातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे मोजतात. सहज ओळखता आला तर मजकूर यंत्राचा, धक्के बसत गेले तर माणसाचा. पण इंग्रजी ज्याच्या घरात कुणी बोलत नाही, त्याच्याजवळ शब्द मोजकेच असतात आणि तो ते जपून वापरतो. त्याचं लेखन साहजिकच ओळखता येण्याजोगं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये हे तपासलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात सॉफ्टवेअरना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, आणि अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध जवळजवळ सगळे माणसाचे. पुढची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे: तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्द भारदस्त करून घेतल्यावर माणसाचे वाटू लागले. म्हणजे प्रामाणिक ठरायचं तर यंत्राची मदत घ्या!

खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३मध्ये असं सॉफ्टवेअर काढलं होतं. यंत्राचे फक्त २६ टक्के मजकूर त्याला पकडता आले, आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर त्यानं खोटा आळ घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीनं ते मागे घेतलं. ९ टक्के लहान वाटतात. साठ मुलांच्या प्रामाणिक वर्गात ती पाच मुलं होतात. त्यातली एखादी मिरज तालुक्यातल्या वाडीवरून एसटीनं येणारी, घरातली पहिली पदवीधर असेल. तिला हे कसं सांगायचं?

इथे एक घोटाळा नेहमी होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत वाङ्मयचौर्याचे टप्पे आहेत: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ते साम्य आधी छापलेल्या मजकुराशी ताडून काढतात. मूळ मजकूर समोर ठेवता येतो, वाद मिटतो. ‘यंत्रानं लिहिलं असावं’ हा टक्का नुसता अंदाज आहे, त्याच्यापाठी दाखवायला काहीच नसतं. दोन्ही आकडे एकाच अहवालात शेजारी छापून आले की आम्ही प्राध्यापकही ते सारखेच धरतो. अंदाजावर शिक्षा करणं मला अनीतीचं वाटतं, मग मुलानं खरोखर यंत्र वापरलेलं असो वा नसो.

त्या मुलीला बोलावलं तेव्हा ती रडवेली झाली. “मॅडम, शेवटच्या प्रकरणाचं व्याकरण मी चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं. सांगायची भीती वाटली.” सॉफ्टवेअरनं बोट ठेवलं होतं ते शेवटच्या प्रकरणावर नव्हे, तिनं स्वतः लिहिलेल्या पानांवर.

व्याकरण तपासून घेणं गुन्हा आहे का? ज्याच्या घरी शिकलेला मामा आहे तो मामाकडून तपासून घेतोच. हिला मामाच्या जागी यंत्र मिळालं, यात मला गैर दिसत नाही. लपवावं लागलं, हे गैर. ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकानं जानेवारी २०२३मध्येच जाहीर केलं की यंत्राला लेखक मानणार नाही, कारण लेखक मजकुराची जबाबदारी घेतो आणि यंत्र ती घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर तो सांगा. आम्हीही आता प्रकल्पात अर्धं पान त्यासाठी ठेवलंय: कुठे वापरलं, कशासाठी, काय बदललं. हे पान प्राध्यापकांनाही लागू करावं असा माझा आग्रह आहे. प्रश्नपत्रिका किंवा शेरे यंत्राकडून काढून घेऊन मुलांना प्रामाणिकपणा शिकवता येणार नाही.

एक वेगळी गोष्ट जाता जाता. शेतकऱ्यांच्या मुलाखती नावगाव आणि कर्जाच्या आकड्यांसकट यंत्रात टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या माणसानं ओसरीवर बसवून विश्वासानं सांगितलेलं असतं. त्याला न विचारता ते परक्या कंपनीच्या संगणकावर पाठवू नये; निदान नावं तरी काढावीत.

बाकी उपाय जुनाच: कच्ची वही पाहायची आणि तोंडी विचारायचं. साठ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला हे दहा तास द्यायचे तर त्यांचे पैसेही द्यावे लागतील, हे विद्यापीठांनी मान्य करायला हवं. सॉफ्टवेअरच्या वर्गणीपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल.

आम्ही दोघांनाही तोंडी विचारलं. पेवात उतरतात कसं, या प्रश्नावर मुलगा गप्प झाला. त्याला नापास केलं नाही, हरिपूरला पाठवलं. महिन्यानं त्यानं पातळसाच पण स्वतःचा प्रकल्प आणून दिला. मुलीनं खडू घेतला आणि फळ्यावर पेव काढलं: वर अरुंद तोंड, खाली पोट. मग म्हणाली, “उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, मॅडम. आतल्या हवेत प्राणवायू नसतो. एका आजोबांनी सांगितलं, आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर वर ओढून घ्यायचा, थांबायचं, आणि पुन्हा सोडायचा.”

हे तिच्या प्रकल्पात नव्हतं. का लिहिलं नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, इंग्रजीत कसं लिहायचं ते कळेना.