संघर्षोत्तर प्रदेशांतील छाया अर्थव्यवस्था

सशस्त्र संघर्ष थांबल्यानंतर एखाद्या प्रदेशात सरकारी नोंद, कर आणि परवाने यांच्या कक्षेबाहेर जे उत्पादन, व्यापार आणि पैशांची देवघेव चालू राहते, त्या सर्वांना मिळून संघर्षोत्तर छाया अर्थव्यवस्था म्हणतात. तिच्यात तस्करी, खंडणी आणि अमली पदार्थांचा व्यापार येतो, तशी बिननोंदणीची मजुरी आणि रस्त्याकडेची किरकोळ विक्रीही येते. अभ्यासक लढणाऱ्यांचा, नफेखोरांचा आणि कसेबसे तगून राहणाऱ्यांचा व्यवहार वेगळा मानतात. प्रत्यक्षात मात्र पिठाचे एकच पोते या तिघांच्याही हातांतून जाते. ते सीमेपलीकडून चोरून येते, वाटेत नाक्यावरची सशस्त्र टोळी त्यावर वसुली करते आणि अखेरीस त्यावरच एखाद्या कुटुंबाची चूल पेटते.

या व्यवहाराची मुळे युद्धकाळातच रुजतात. युगोस्लाव्हियावर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी घातल्यानंतर तेथे तस्करीचे मार्ग पक्के झाले. वेढ्यात सापडलेल्या बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, १९९३ साली विमानतळाखालून खोदलेल्या सुमारे ८०० मीटर लांबीच्या बोगद्यातून अन्न, इंधन आणि शस्त्रे आत येत. त्याने शहर जगवले, आणि त्याच वाटेने काळाबाजारही फोफावला. बोस्नियातले युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर युद्धात पैसा कमावलेल्यांपैकी अनेकांना राजकीय वजनही मिळाले. चोरटी सिगारेट आणि इंधन यांचा फटका अशा देशांना विशेष बसतो, कारण प्राप्तिकर गोळा करणारी यंत्रणा अजून उभी राहिलेली नसताना सीमाशुल्क हाच तिजोरीचा मोठा आधार असतो.

बोस्नियातील ब्रच्को शहराजवळचा ‘अ‍ॅरिझोना’ बाजार या प्रश्नाची गुंतागुंत सर्वांत स्पष्टपणे दाखवतो. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतिसेनेच्या पहाऱ्यात, दोन्ही बाजूंना विभागणाऱ्या पट्ट्यात तो उभा राहिला. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक तेथे पुन्हा एकमेकांशी सौदे करू लागले. परंतु चोरीचा माल आणि देहविक्रीसाठी आणलेल्या स्त्रियांचा व्यापारही तेथेच चालला, आणि समेटाचे कौतुक करताना ही किंमत विसरता कामा नये. पुढे ब्रच्को जिल्हा प्रशासनाने तो बंद न करता कर आणि नोंदणीखाली आणला.

जॉर्जियात नेमके उलटे घडले. जॉर्जियापासून फुटलेल्या दक्षिण ओसेतियाच्या सीमेवरील एर्ग्नेती बाजारात, रशियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून आलेला करचुकवा रशियन माल विकला जाई, आणि जॉर्जियन व ओसेतियन लोकांना जोडणारा तो रोजचा धागा होता. महसुलाची गळती थांबवण्यासाठी जॉर्जिया सरकारने २००४ मध्ये तो बंद केला. कारण रास्त होते, पण त्यावर पोट असलेल्यांना दुसरा आधार मिळाला नाही, दोन समाजांमधला दुवा तुटला, आणि त्याच उन्हाळ्यात तेथे पुन्हा चकमकी झडल्या.

सोमालियात १९९१ मध्ये राज्ययंत्रणा कोसळल्यावर बँकांची जागा हवालाने घेतली आणि परदेशस्थ नातेवाइकांचे पैसे त्यातूनच घरी पोहोचू लागले. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने दहशतवादाला मदतीच्या संशयावरून अल-बरकात या सर्वांत मोठ्या हवाला कंपनीचे व्यवहार गोठवले, तेव्हा तिच्यामार्फत येणाऱ्या पैशांवर जगणाऱ्या घरांची कोंडी झाली.

खनिजांच्या बाबतीत निर्बंधांचा मार्ग अधिक वापरला गेला. सिएरा लिओनमधील युद्धाला पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांसाठी २००३ मध्ये किंबर्ली प्रमाणपत्र योजना, म्हणजे हिरे युद्धाला पैसा पुरवणारे नाहीत असा दाखला देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, लागू झाली. तिच्या ‘संघर्षातील हिरे’ या व्याख्येत मात्र बंडखोरांनी विकलेले हिरेच येतात, सरकारी सैन्याने केलेली लूट येत नाही. पूर्व काँगोतील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांच्या वापराची माहिती देण्याचे बंधन अमेरिकेने २०१० च्या कायद्याने कंपन्यांवर घातले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगो सरकारने उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या प्रांतांतील खाणकाम सुमारे सहा महिने स्थगित केले. त्या काळात हाताने खोदकाम करणाऱ्या मजुरांची कमाई बुडाली. सीमेपलीकडची तस्करी मात्र चालूच राहिली.