समोरचं चाक

गेल्या महिन्यात एकच निरोप मला तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. पाण्यात टाकलेला उंदीर पंधरा मिनिटांत बुडतो. पण बुडता बुडता एकदा बाहेर काढून, पुसून, पुन्हा टाकला तर साठ तास पोहतो. कारण काय, तर आशा! खाली उगवत्या सूर्याचं चित्र.

हा प्रयोग खरोखर झाला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कर्ट रिक्टर यांनी तो 1957 साली प्रसिद्ध केला. पण निरोपातले दोन आकडे दोन वेगळ्या उंदरांचे आहेत. मिशा कापून पाण्यात सोडलेले, नुकतेच पकडलेले 34 रानउंदीर 1 ते 15 मिनिटांत मेले. 40 ते 60 तास पोहले ते प्रयोगशाळेत वाढलेले पाळीव उंदीर. रानउंदरांना आधी काही वेळा हातात धरून सोडून दिलं, थोडा वेळ पाण्यात ठेवून बाहेर काढलं, तर तेही पाळीव उंदरांइतके तग धरतात, असं रिक्टर यांनी लिहिलं आहे. म्हणजे निरोप अगदीच खोटा नाही. मला खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत उंदराला वाचवतो तो दुसऱ्याचा हात. उंदराने काही केल्यामुळे त्याची सुटका होत नाही. आशा म्हणजे कुणीतरी येईल म्हणून वाट पाहणं, एवढाच अर्थ त्यातून निघतो. मेंदूतल्या आशेबद्दल आज जे कळलं आहे, ते याहून पुष्कळ अधिक आहे.

त्याची सुरुवात मात्र निराशेपासून झाली. 1967 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. वाचतानाही त्रास होतो असा. एका गटाला विजेचा झटका बसे, पण डोक्याने एक फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच झटके, तेवढाच वेळ. पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. पहिल्या गटाचा झटका प्रत्येक फेरीत सरासरी जेवढा वेळ टिकला, तेवढाच वेळ यांचाही टिकायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे पटकन उडी मारून मोकळे झाले. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे तिथेच बसून कण्हत राहिले.

याला नाव पडलं 'शिकलेली असहायता'. आपल्या हातात काही नाही हे प्राणी शिकतो आणि मग प्रयत्नच सोडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढची अनेक वर्षं मानसशास्त्राच्या पुस्तकांत हेच छापलं जात होतं. आणि मग ज्या दोघांनी हा सिद्धांत मांडला होता, त्यांनीच 2016 साली लिहिलं की तो उलटा होता.

मायर पुढे कोलोरॅडो विद्यापीठात मेंदूविज्ञानाकडे वळले आणि त्यांनी हाच प्रयोग उंदरांवर केला. उंदीर एका लहान पेटीत, शेपटी मागून बाहेर, शेपटीला विजेच्या तारा आणि समोर, पंजे पोचतील असं, एक छोटं चाक. चाक फिरवलं की झटका बंद. शेजारच्या पेटीतही तसंच चाक, पण ते फिरवून काही होत नाही. त्या उंदराचा झटका पहिल्याच्या चाकाने बंद होतो. दोघांचं दुःख सेकंदासेकंदाने सारखं आहे, हे इथे पक्कं लक्षात ठेवायचं. फरक एवढाच, की एकाचा झटका त्याने स्वतः थांबवला आणि दुसऱ्याचा आपोआप थांबला.

आता मेंदूत उतरू. मेंदूच्या खालच्या देठात, मध्यरेषेवर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याचं नाव डॉर्सल राफे. सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींचा हा मोठा अड्डा. मोठा ताण आला की या पेशी जोरात चालू होतात आणि भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालासह अनेक भागांत सेरोटोनिन ओततात. परिणाम असा, की चिंता वाढते आणि सुटकेची धडपड थंडावते. हे शिकावं लागत नाही. लांबलेल्या त्रासाला सस्तन प्राण्याचा मेंदू मुळातच असा प्रतिसाद देतो. असहायता जन्मजात आहे, शिकलेली नाही.

(सेरोटोनिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं सांगून गोळ्या, पावडरी आणि आहारतक्ते विकणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि मेंदूत ते कुठे, किती आणि कोणत्या पेशीवर पडतं यावर त्याचा अर्थ ठरतो. एका रसायनाला एक भावना चिकटवणं म्हणजे 'क' या अक्षराचा अर्थ काय असं विचारण्यासारखं आहे.)

मग चाक फिरवणारा उंदीर खचत का नाही? कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात मध्यरेषेला लागून एक पट्टा आहे, मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. 'मी हे केलं आणि म्हणून ते झालं' हा संबंध ओळखणाऱ्या जाळ्याचा तो भाग. संबंध सापडला की तिथून लांब तंतूंवाटे संदेश थेट खाली डॉर्सल राफेपर्यंत जातो. आणि इथली रचना मला फार आवडते. हा संदेश सेरोटोनिनच्या पेशींना स्वतः गप्प करत नाही. त्यांच्या शेजारी गाबा नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात, त्यांचं कामच शेजाऱ्यांना आवरण्याचं. वरून आलेला संदेश या गाबा-पेशींना जागं करतो आणि त्या सेरोटोनिनच्या पेशींना शांत करतात.

हा संदेश आलाच नाही, तर आणखी एक गोष्ट घडते. सेरोटोनिनच्या पेशीवर तिचा स्वतःचा लगाम असतो: ओतलेलं सेरोटोनिन पुरेसं झालं की तिलाच थांबवणारा एक ग्राहक-रेणू (रिसेप्टर). पूर फार मोठा आला की हा लगाम बधिर होतो आणि पुढचे काही दिवस पेशी क्षुल्लक गोष्टीनेही उसळते. मोठं संकट टळल्यावर माणूस तिसऱ्या दिवशी हरवलेल्या किल्लीवरून कोसळतो, तेव्हा मला हा बधिर झालेला लगाम आठवतो. उंदरावरून माणसाकडे एवढी थेट उडी मारता येत नाही, तरी आठवतो.

2005 साली मायर यांच्या गटाने याची निर्णायक परीक्षा घेतली. मस्किमॉल नावाच्या रसायनाने त्यांनी प्रीफ्रंटलचा तो पट्टा काही काळ बंद ठेवला आणि उंदराला चालणारं चाक दिलं. उंदीर चाक नेहमीसारखं शिकला, फिरवत राहिला, झटके थांबवत राहिला. तरीही दुसऱ्या दिवशी तो असहाय उंदरासारखाच वागला. नियंत्रण हातात होतं, पण मेंदूच्या त्या भागापर्यंत त्याची खबर पोचली नव्हती. नंतर त्यांनी उलटंही करून पाहिलं: चाक चालत नसलेल्या उंदराचा तोच पट्टा रसायनाने चेतवला आणि तो उंदीर खचला नाही.

आणखी पुढचं असं. एकदा चाक चालवून झालेल्या उंदराला आठवड्याने सुटका नसलेले झटके दिले, तरी तो टिकला. झटक्यांऐवजी दांडग्या उंदराकडून मार खावा लागला, तरी टिकला. पहिल्या अनुभवाने प्रीफ्रंटलमधली ती वाट रुळली होती आणि नंतरच्या, वेगळ्या संकटातही ती आपणहून उघडली. एक गोष्ट सांगायलाच हवी: यातले बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झाले. पुढे माद्यांवर केले तेव्हा चाकाने त्यांना तसं संरक्षण मिळालं नाही. त्यामुळे 'आशेचं बटण सापडलं' असे मथळे कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तरी या सगळ्यातून मला आजच्या अस्वस्थतेबद्दल काहीतरी कळतं. आपल्या हातातला फोन दिवसभर युद्ध, पूर, नोकरकपात, रोगराई दाखवत राहतो. प्रत्येक बातमी हा एक छोटा झटका, आणि अंगठ्याखाली सरकणारा पडदा म्हणजे शेजारच्या पेटीतलं चाक. फिरवत राहतो आपण, पण त्याने काहीच थांबत नाही. अशा माणसाला 'सकारात्मक विचार करा' सांगून काय होणार? प्रीफ्रंटलच्या त्या पट्ट्याला निव्वळ विचाराची खबर नको असते, त्याला कृती आणि तिचा परिणाम लागतो.

ताईत आणि 'विश्वाकडे मागा' म्हणणारी शिबिरं नेमकी याच भुकेवर जगतात. 2008 साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता: आपल्या हातात काही नाही असं वाटायला लावलेल्या माणसांना निव्वळ ठिपक्यांच्या चित्रांतही आकृत्या दिसू लागल्या. पुढच्या पडताळण्यांत हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. पण न चालणारं चाक पैसे घेऊन विकणं हा मला क्रूरपणा वाटतो, मग विकणारा कितीही गोड बोलो.

माझे वडील हृदयाच्या दुखण्याने रुग्णालयात होते, तेव्हा मी दोन दिवस खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मॉनिटरचे आकडे पाहत होतो. आकडा हलला की माझ्या पोटात गोळा. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांनी एक कागद आणि खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं हातात दिलं. म्हणाल्या, "दादा, बाबा किती पाणी पितात आणि लघवी किती होते, तेवढं मोजून लिहाल? वेळ टाकायला विसरू नका." मी लिहू लागलो. 11.40, पाणी 100 मिली. 1.15, लघवी 250. दुखणं तेवढंच होतं, मॉनिटर तसाच टिकटिकत होता. पण त्या रात्री मी पहिल्यांदा मॉनिटरकडे पाठ करून बसलो.

सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी आधी तो कागद मागितला. बोटाने ओळी मोजल्या, मनात बेरीज केली आणि पाणी काढायच्या इंजेक्शनचा डोस बदलला.