तुमची साइट पहिली येते, पण कोणाच्या मोबाइलवर?

‘गुगलवर आपली साइट पहिल्या पानावर येते,’ असे छोटे व्यावसायिक मोठ्या विश्वासाने सांगतात आणि लगेच स्वतःच्या मोबाइलवर सर्च करून दाखवतात. त्यांना दिसते ते खरेच असते, पण ते त्यांच्यापुरते. ज्या गिऱ्हाइकासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो, त्याच्या मोबाइलवर तीच साइट दुसऱ्या पानावर असू शकते. हा फरक पडतो कसा आणि मोजायचा कसा, हे समजून घ्यायचे तर ज्या काळात तो मुद्दाम घडवला गेला त्या काळाकडे बघावे.

ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने ‘सोशल सर्च’ हा प्रयोग सुरू केला. आपल्या ओळखीच्यांनी वेबवर जाहीरपणे लिहिलेला मजकूर निकालांच्या तळाशी वेगळा दिसू लागला. फेब्रुवारी २०११ मध्ये तो मुख्य निकालांतच मिसळला गेला आणि दुव्याखाली ‘अमक्याने हे शेअर केले आहे’ अशी ओळ येऊ लागली. त्याच वर्षी गुगल प्लस हे गुगलचे स्वतःचे समाजमाध्यम आले. जानेवारी २०१२ मध्ये ‘सर्च प्लस युवर वर्ल्ड’ आले आणि लॉगिन केलेल्या माणसाला गुगल प्लसवरच्या मित्रांच्या पोस्ट आणि फोटोही निकालांत दिसू लागले. तिकडे मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनने ऑक्टोबर २०१० मध्ये फेसबुकशी करार करून मित्रांचे ‘लाइक’ निकालांत आणले होते.

मित्राच्या शेअरमुळे निकाल नेमका कसा हलतो? सर्च इंजिन प्रत्येकासाठी नव्याने वेब धुंडाळत नाही. आधी सर्वांसाठी जवळपास सारखीच यादी तयार होते. प्रत्येक पानाला गुण मिळतात आणि मग तुमच्या खुणा बघून त्या यादीची फेरमांडणी होते. खरे सूत्र कंपन्या उघड करत नाहीत, म्हणून इथले आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. ‘दापोली होमस्टे’ या सर्चमध्ये पहिल्या तीन पानांचे गुण ९२, ८१ आणि ७४ आहेत. सहाव्याचे ५५, सातव्याचे ५२ आणि तिथून पुढे गर्दी आहे: ५१.४, ५१.१, ५०.९, ५०.६ आणि बाराव्या क्रमांकाला ५०.३. आता मित्राने शेअर केलेल्या पानाला पाच टक्के वाढ द्या. तिसऱ्या पानाचे ७४ गुण ७७.७ होतात. दुसऱ्याचे ८१ आहेत, म्हणून ते जागचे हलत नाही. बाराव्याचे ५०.३ मात्र ५२.८ होतात आणि ते थेट सातव्या जागी येते. एका निकालपानावर दहा निकाल धरले, तर दुसऱ्या निकालपानावरची साइट एका मित्राच्या शेअरमुळे पहिल्या निकालपानावर आली. मूळ गुणांतले अंतर वरच्या जागांवर मोठे असते, खाली केसभर. म्हणून वैयक्तिक फरक वर कमी आणि खाली जास्त दिसतो.

ही वाढ देणाऱ्या यंत्राला नाते कळते, माहितीचा खरेपणा कळत नाही. काविळीवर काय करावे हे शोधणाऱ्याला ‘कावीळ उतरवून’ देणाऱ्या बाबाचे पान मावसभावाने शेअर केले म्हणून वर दिसले, तर त्यात रक्ततपासणीला पर्याय ठरेल असे काहीही नसते. मावसभाऊ उपाहारगृह सुचवायला चांगला, यकृताच्या बाबतीत नाही. गुगलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये लोकांची नजर कुठे फिरते हे मोजून पाहिले, तेव्हा मित्रांच्या नावाच्या या ओळी बहुतेकांच्या लक्षातच आल्या नव्हत्या. म्हणजे क्रम बदललेला असायचा, पण तो का बदलला ते वापरणाऱ्याला कळत नव्हते. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

विपणनाच्या बाजारात मात्र लाइक आणि ‘प्लस वन’ (गुगल प्लसवरचे लाइक) विकत मिळू लागले. २०१३ मध्ये मॉझ या कंपनीने जास्त प्लस वन असलेली पाने वरच्या क्रमांकावर आढळतात असा सहसंबंध मांडला आणि अनेकांनी तेच कारण मानले. गुगलमधले अभियंते मॅट कट्स यांनी ते खोडून काढले. चांगल्या पानाला लोक दुवेही देतात, ज्यामुळे क्रमांक वर जातो, आणि लाइकही करतात, त्यामुळे क्रमांक आणि लाइक बरोबरीने वाढतात. शिवाय विकत घेतलेले लाइक देणारी खाती तुमच्या गिऱ्हाइकाची मित्र नसतात, त्यामुळे वरच्या उदाहरणातली पाच टक्के वाढही मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवले आहे.

एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गुगल प्लस बंद झाले. मित्रांवरून केलेली फेरमांडणी गेली. ठिकाणावरून आणि लगेच आधी केलेल्या सर्चवरून होणारी राहिली. वैयक्तिकीकरण फार थोडे आहे आणि ते मुख्यतः या दोन गोष्टींपुरते आहे, असे गुगलने २०१८ मध्ये सांगितले. पण सांगण्यावर का विसंबायचे? ते मोजता येते.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती फार देखणी आहे. दोन निकाल वेगळे दिसले म्हणजे वैयक्तिकीकरण झाले, असे नसते. मधल्या काळात गुगलकडची वेबपानांची सूची बदललेली असते, विनंती कंपनीच्या वेगळ्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवलेल्या केंद्राला) गेलेली असते किंवा कंपनीची स्वतःची चाचणी चालू असते. म्हणून दोन अगदी सारखी खाती घ्यायची आणि एकाच क्षणी, एकाच डेटा सेंटरला तोच सर्च पाठवायचा. त्यांच्यात पडलेला फरक हा नुसता गोंगाट. तिसऱ्या खात्यात एकच गोष्ट बदलायची, समजा ठिकाण. गोंगाटाहून जितका जास्त फरक पडेल, तितके वैयक्तिकीकरण. आधीच्या सर्चचा परिणाम दहा मिनिटे टिकतो असे आढळल्यामुळे दोन सर्चमध्ये अकरा मिनिटे थांबायचे. खऱ्या २०० वापरकर्त्यांवर मोजल्यावर सरासरी ११.७ टक्के निकालांत वैयक्तिक फरक निघाला. कृत्रिम खाती वापरून एकेक घटक तपासला, तेव्हा मोजण्याजोगा परिणाम लॉगिन आणि ठिकाण यांचाच दिसला. वय, लिंग आणि सर्चचा इतिहास यांचा दिसला नाही.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत बघून समाधान मानणारे इथेच चुकतात. त्यात खाते आणि जुन्या कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) जातात, पण आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तोच राहतो, म्हणजे ठिकाण तेच. शिवाय उघड्या सगळ्या इन्कॉग्निटो विंडोंचे सत्र एकच असते. सर्व विंडो बंद करून नव्याने उघडा आणि एकदाच सर्च करा. दापोलीच्या होमस्टेची गिऱ्हाइके पुण्या-मुंबईची असतील, तर दापोलीत बसून काढलेला क्रमांक उपयोगाचा नाही.

साइटमालकांसाठी गुगलने दिलेल्या सर्च कन्सोल या साधनातल्या ‘सरासरी स्थान’ या आकड्यातही एक खड्डा आहे. तुमचे पान जितक्या वेळा उघडलेल्या निकालपानावर होते, तितकेच इम्प्रेशन मोजले जाते. समजा हजार जणांनी सर्च केला. जवळच्या ५० जणांना तुमची साइट सातवी दिसते, बाकी ९५० जणांसाठी ती बारावी आहे. त्या ९५० पैकी १९ जणच दुसरे पान उघडतात. मोजणी होते ६९ इम्प्रेशनची आणि सरासरी येते ८.४. सगळे हजार धरले तर ती ११.७५ असती. म्हणून स्थानाच्या आधी इम्प्रेशन बघा. स्थान चांगले आणि इम्प्रेशन तुटपुंजे असतील, तर तुम्ही जवळच्यांनाच दिसत आहात.

त्यानंतर त्याच साधनात क्वेरीच्या (लोकांनी टाइप केलेल्या शब्दांच्या) फिल्टरमध्ये रेजेक्स, म्हणजे नमुना देऊन शब्द जुळवण्याची सोय, निवडून स्वतःच्या व्यवसायाचे नाव वगळा, कारण नाव टाइप करून येणारा तुम्हाला आधीच ओळखत असतो. मराठी नावाच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. तेच नाव देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ बदलून आणि रोमनमध्ये तीन-चार प्रकारांनी लिहिले जाते. ही सगळी रूपे उभ्या रेघेने वेगळी करून एकाच फिल्टरमध्ये घाला, नाहीतर ओळखीची माणसे मागच्या दाराने पुन्हा मोजणीत शिरतात.